चौथऱ्यावरचा घोडेस्वार

माझ्या आत्याच्या गावात टेप घेऊन आलेल्या माणसाला कोणी चहा विचारत नाही. टेप आली म्हणजे जमीन जाणार, एवढं पनवेलच्या आसपासची गावं आता शिकली आहेत. त्यामुळे एक वयस्कर गृहस्थ गाढी नदीच्या काठी उकिडवे बसून देवाच्या दगडाला टेप लावताना दिसले, तेव्हा आत्याने आधी दार ओढून घेतलं. मग ते फटीएवढं उघडलं, कारण त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी असलेली मुलगी मी होते.

मी नवीन पनवेलला वाढले. बाबांची ही एकुलती एक बहीण, आणि तिचं घर गावातलं शेवटचं, नदीला सगळ्यात जवळचं. सुट्टीत यायचे मी, पण माझी शाळा इंग्रजी. गावची बोली मला पूर्ण कळते. मी बोलायला लागले की मात्र सगळे हसतात, म्हणून मी फारशी बोलत नाही. ते गृहस्थ निवृत्त प्राध्यापक होते. नदीकाठच्या गावांमधले जुने दगड, विहिरी, देवळं यांची नोंद करणारा त्यांचा एक छोटा गट होता. त्यांना माहितीफलकांसाठी इंग्रजी लिहिणारं कोणीतरी हवं होतं, आणि आईने परस्पर माझं नाव सांगून टाकलं होतं. आम्ही त्यांना सर म्हणायचो.

तो दगड म्हणजे वीरगळ होता, लढाईत पडलेल्या कुणाची तरी आठवण. खाली घोड्यावर बसलेला तलवारवाला, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. गावात त्याला वीरगळ कोणीच म्हणत नसे. तो घोडेवाला. त्याला शेंदूर लागायचा, नारळ फुटायचा, आणि पावसाळ्यात त्याच्याकडे एक काम असायचं. वरून जोराचा पाऊस आणि खालून खाडीची भरती एकाच वेळी आली की गाढीचं पाणी पुढे जात नाही, मागे फुगतं. ते घोड्याच्या खुरांना लागलं की गाव म्हणायचं, घोडा प्यायला. मग खालच्या आळीतली घरं रिकामी व्हायची. त्या वेळी निघालं तर सामानसुमान घेऊन वर जाण्याइतका वेळ हमखास मिळायचा.

आत्याला तो वेळ सगळ्यांपेक्षा जास्त लागतो. काकांना, म्हणजे तिच्या यजमानांना, अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ते खाटेवर आहेत. त्यांना उचलायला चार माणसं लागतात, आणि ती चार माणसं आधी गोळा करावी लागतात. त्यामुळे पावसाळ्यात बाबा तिला फोन करून दुसरं काही विचारायचेच नाहीत. घोडा कोरडा आहे म्हणाली की ते फोन ठेवायचे आणि जेवायला बसायचे.

सरांना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी ती गावातल्या वेगवेगळ्या माणसांकडून पुन्हा पुन्हा ऐकली. फलकाच्या मराठी मजकुरात त्यांनी स्वतः ती लिहिली आणि मी तिचं इंग्रजी केलं.

तरी माझा त्यांच्यावर विश्वास नव्हता. ते दगडाचं वजन किती असेल असं विचारायचे. जमिनीत किती खोल गेलाय ते बघायला त्यांनी बुडाशी उकरलं होतं. सगळ्या बाजूंनी फोटो काढले, मागच्या कोऱ्या बाजूचासुद्धा. इथे राहिला तर एक दिवस हा जाईल, असं ते दोनतीनदा म्हणाले, आणि दर वेळी मला वाटलं की कुठे जाईल हे यांना माहीत असावं. असाच एक वीरगळ मी फोनवर एका फार्महाउसच्या लॉनमध्ये पाहिला होता, खोट्या धबधब्याशेजारी उभा केलेला. आमच्याकडे फार्महाउसांना तोटा नाही. एकदा सर चप्पल धुवायला पाण्याकडे गेले तेव्हा मी त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढून ठेवला.

आत्या माझ्याहून सरळ होती. त्या दिवशी भाकरी थापता थापता तिने विचारलं, "यो तुजा सर पगार देतो का तुला?"

"नाही."

"मंग तुला काय मिलतं?"

"काही नाही गं."

"आन त्याला काय मिलतं?"

आत्याने भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "ज्याला कायच मिलत नाय, त्या मानसावर नजर ठेवायची बाय."

उन्हाळ्याच्या आधी देवळात सभा झाली. सरांनी समजावून सांगितलं की दगडाखालची माती दरवर्षी वाहून जाते आहे, आणि भरावाची माती टाकायला येणारे डंपर मागे घेताना एखाद्या दिवशी धक्का लागेल. म्हणून खाली पक्का चौथरा बांधायचा, त्यावर दगड बसवायचा, वर पत्रा टाकायचा. मग प्रश्न सुरू झाले. दगड सरकारजमा होणार का. नारळ फोडायला बंदी येणार का. फलकावर नाव कोणाचं. चौथऱ्याच्या नावाखाली जागा मोजून नेणार का. एकाने तर विचारलं की मूळ दगड नेऊन सिमेंटचा बसवला तर आम्हाला कसं कळणार. सर प्रत्येकाला उत्तर देत होते आणि मी त्यांचे हात बघत होते, कारण खोटं बोलणाऱ्या माणसाला हात आवरता येत नाहीत असं मला वाटतं. त्यांचे हात मांडीवर स्वस्थ होते. तेही मला खटकलं.

आत्या बायकांमधून उठली आणि म्हणाली की तिची एकच अट आहे, देव जागेवरून हलता कामा नये.

"इंचभरही नाही हलणार," सर म्हणाले. "आहे तिथेच, फक्त वर."

हे ऐकून सगळ्यांचं समाधान झालं. माझंही.

दगड उचलायच्या दिवशी आत्या आणि मी पहाऱ्यावर असल्यासारख्या उभ्या होतो. चेन-पुलीला लटकलेला तो दगड कोणी झाकत नाही ना, गाडीकडे वळवत नाही ना, याकडे आमचं लक्ष. खाली ठेवल्यावर आत्या पुढे झाली आणि घोड्याचा तुटका कान बोटाने चाचपून आली. तोच होता. तोंड नदीकडे होतं. चौथरा माझ्या गुडघ्याच्या वर येईल एवढा, त्याला गावाने हौसेने लाल टाइल लावली. नारळ फुटला, फलक लागला, सरांचे डोळे भरून आले. त्या दिवशी आत्याने त्यांना चहा दिला. गाडीचा फोटो मी मात्र काढून टाकला नाही.

आषाढात एका रविवारी मी जेवायला आत्याकडे होते. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता आणि दुपारी मोठी भरती होती. बाबांचा फोन आला. आत्या खिडकीपाशी गेली, बघितलं आणि म्हणाली, "सुका हाय. पानी लांब हाय अजून." तिने सुकटीच्या कालवणावर झाकण ठेवलं. मीही बघितलं. घोडा कोरडा होता, शेंदूरसुद्धा धुतला गेला नव्हता.

थोड्या वेळाने आतल्या खोलीतून ठक ठक आवाज आला. काका चांगल्या हाताने खाटेच्या लोखंडावर मारत होते. त्यांना बोलता येत नाही, पाणी हवं असलं की ते असंच करतात, म्हणून मी भांडं भरून घेऊन गेले. आणि माझा पाय पाण्यात पडला. मोरीतून, मागच्या दारातून, भिंतीच्या कडेने ते आत येत होतं. मी आत्याला हाक मारली. ती आली, तिने जमिनीकडे बघितलं, आणि परत खिडकीकडे गेली. तिथे घोडा अजून कोरडाच होता. ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, पाय पाण्यात असताना, आणि मला कळलं की ती जमिनीपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवते आहे.

मग मी पावसात पळाले आणि चार जणांच्या ऐवजी तिघं मिळाली. चौथा कोपरा आत्याने धरला. काकांना खाटेसकट वरच्या आळीत नेलं तेव्हा मागे खाटेच्या जागी पाणी मांडीपर्यंत होतं.

पाणी उतरल्यावर गावात बोललं जाऊ लागलं की हे ठरवूनच केलं. खालची आळी एकदा बुडाली की लोक जागा सोडतील, मग ती कोणाला हवी आहे ते सांगायला नको. मला हे पटत नव्हतं. तरी त्या रात्री मी त्या नंबरप्लेटचा फोटो मोठा करून बघितला, जणू त्यावर काही लिहिलेलं असेल.

सर दुसऱ्या दिवशी आले. चिखलात उभे राहून त्यांनी फलक वाचायला सुरुवात केली. घोड्याच्या खुरांना पाणी लागताच ग्रामस्थ घरे सोडतात, या ओळीपाशी ते थांबले. पुढे वाचलं नाही.

"हे मीच लिहिलंय," ते म्हणाले. "आणि मीच त्याला वर चढवला."

दगड पुन्हा खाली घेऊ, असं त्यांनी सुचवलं. गावाने नकार दिला; नारळ फोडून बसवलेला देव कोणी उतरवत नाही. मग ते म्हणाले की ते लेव्हलचं यंत्र आणतील, जुन्या खुरांची उंची काढतील आणि चौथऱ्यावर तिथे ठळक लाल रेघ मारतील. म्हणजे काम पहिल्यासारखं.

"नको," आत्या म्हणाली. "रेग तुमीच मारनार ना?"

मला सरांची दया आली, आणि आत्याचं बरोबर आहे असंही वाटलं.

पुढच्या अमावास्येच्या उधाणाआधीच आत्याने काकांना आमच्या फ्लॅटवर पाठवून दिलं. स्वतः मात्र गेली नाही. भरतीच्या वेळी ती उंबऱ्यात उभी राहिली, आणि शेजारची वहिनी साडी खोचून, हातात कोयता घेऊन चौथऱ्यापाशी. मी दोघींच्या मध्ये, आवाज पोचवायला. पाऊस जोराचा होता. पाणी अंगणात आलं, तुळशीपाशी आलं, दाराच्या पायरीला लागलं.

"आता," आत्या म्हणाली. मी ओरडून सांगितलं, आणि वहिनीने पाणी होतं तिथे टाइलवर कोयत्याने खरवडलं.

पाणी ओसरल्यावर आत्या स्वतः खाली गेली. ती खूण तिने बोट फिरवून बघितली. मग तिच्या खाली एक वीत मोजली आणि तिथे कोयत्याचे घाव घालून दुसरी केली, खोल, टाइलचा टवका उडेपर्यंत. वरची खूण पाणी दारात आल्याची होती. मधली वीत काकांना उचलायला लागणाऱ्या वेळाची.

सरांनी नंतर ती फुटकी टाइल पाहिली. हे फलकावर लिहूया का, असं त्यांनी मला विचारलं. मी आत्याला विचारलं, तर ती म्हणाली इतक्यात काही लिहू नका.

काका अजून आमच्याकडेच आहेत. बाबांनी आत्याजवळ त्यांना परत नेण्याचा विषय दोनदा काढून पाहिला. खालच्या खुणेला पाणी लागल्यापासून दारात येईपर्यंत खरंच तेवढा वेळ मिळतो का, हे एकदा डोळ्यांनी बघितल्याशिवाय ती त्यांना घरी नेणार नाही.