मोकळं मैदान सोडून

मस्तगडच्या राजानंद मास्तरांची दीपमाला लहानपणी हेलिकॉप्टरचा आवाज आला की भरल्या ताटावरून उठून पळायची. आईच्या शिव्या खायची, पण मैदान गाठायचीच. त्यातून उतरणाऱ्या पुढाऱ्याचं तोंड कोणाला बघायचं होतं! तिला ते यंत्र बघायचं असायचं. पुढं हट्टाला पेटून तीच ते चालवायला शिकली.

एका दुपारी अशाच एका पुढाऱ्याला सभेला सोडून ती परत निघाली होती. सोबत फक्त मेकॅनिक इनायतभाई. वाटूरजवळ इंजिन खोकलं आणि बंदच पडलं. मेल्याची एवढी निगा राखली तरी! तिनं डाव्या हातातला दांडा झटक्यात खाली दाबला. त्यानं पात्यांचा तिरकेपणा जातो, आणि पडता पडता खालून येणारी हवाच त्यांना जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखी फिरवत ठेवते. पण त्या फिरण्यातला जोर जमिनीजवळ दांडा वर ओढून एकदाच वापरता येतो. दांडा आधी ओढला, तर पाती मंदावतात आणि सगळं संपतं.

"मॅडम, शाळेचं मैदान बराबर समोर हाये," इनायतभाई म्हणाले. "बिलकुल मोकळं."

मोकळं होतं खरं. तरी दीपमालानं मान हलवली. "न्हाई भाई. आपण खाली जाईस्तोवर भरंल ते. पोरं पळत येतील."

तिनं यंत्र वळवलं. वळणात उंची भराभर गेली. पुढं सोयाबीन काढलेलं रान होतं, पण त्याच्या अलीकडं विजेच्या तारा. त्या ओलांडता येतील का, याची तिलाच खात्री नव्हती. दांडा ओढायला हात शिवशिवत होता. तिनं तो दाबूनच धरला. तारा कशाबशा खालून गेल्या. मंग तिनं यंत्राचं नाक वर करून वेग मोडला आणि जमीन अगदी हाताशी आल्यावर दांडा ओढला. यंत्र ढेकळांवर धाडकन बसलं, घसरलं, थांबलं.

पाती थांबेपर्यंत इनायतभाईंनी धावत आलेल्या लोकांना बांधावरच अडवलं. त्यातून शाळेत खिचडी शिजवणारी सोनूबाई पुढं आली, जरा फुगूनच.

"इकडं ढेकळात कशाला उतरलीस गं माय? मैदान होतं की. सगळी लेकरं तिथं उभी राहून तुला टाटा करून राह्यलेत."

दीपमालानं वळून पाहिलं. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. सोनूबाईच्या खांद्याला धरून ती हमसून हमसून रडली.

सोनूबाईचा राग विरघळला. तिच्या पाठीवरून हात फिरवत ती म्हणाली, "रडू नको बाई. पुढच्या टायमाला उतर तिथं."