ऑस्लोमध्ये काढलेले बूट

दुबईच्या खाडीवर लाकडी गलबतांना तेल चोपडत होते. त्या वासाने मला ऑस्लोच्या संग्रहालयातले पुरातन जहाज आठवले. मुलाला अर्थातच माझे बूट. “बाबांना ते देऊळच वाटलं होतं,” तो सोबतच्या पाहुण्यांना हसत म्हणाला.

साफ खोटे! तू तेव्हा बाहेर पाठपिशव्या सांभाळत होतास. त्या जहाजात दोन स्त्रियांना पुरले होते, हे पाटीवर वाचूनच मी बूट काढले. पहारेकरी तरातरा आला. आता बाहेर काढणार, अशी मला धास्ती वाटली. एरवी चारचौघांत मला दटावणारी तुझी आई मुकाट्याने वाकली आणि तिने आपलेही बूट माझ्या बुटांशेजारी ठेवले. पहारेकरी जागीच थबकला.

आज ती नाही, म्हणून तुझी गोष्ट खपते.