सासूबाईंच्या डर्ट बाइकचे टायर

हवाकाकांच्या दुकानात टायर बदलायला आलेल्या माणसाला पहिला हुकूम सुटायचा तो म्हणजे, "बूट काढा."

नवखं गिऱ्हाईक गोंधळायचं. दुकानात काही गालिचा अंथरलेला नव्हता. होतं ते सांडलेलं तेल, साबणाच्या पाण्याची बादली आणि जुन्या ट्यूबांचा ढीग. पण तोवर हवाकाका बूट उलटा करून, डोळ्यांशी नेऊन त्याचा तळ न्याहाळायला लागलेले असायचे. माणूस गाडी कशी चालवतो हे त्याला विचारण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक जण स्वतःला उत्तम चालक समजतो. ते त्याच्या बुटालाच विचारावं, असं त्यांचं ठाम मत होतं. बाहेरची कड झिजलेली असली की हा गडी वळणावर झुकणार. टाच झिजलेली असली की ब्रेकवर उभा राहणार. त्याप्रमाणे ते टायर निवडत, आणि तो बसायचाही झकास.

पंचाईत अशी की ते टायरपाशी थांबत नसत. "भावाशी पटत नाही ना तुमचं?" असली भर घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. बँकेच्या एका साहेबांना त्यांनी भर दुकानात सांगितलं होतं, "तुम्हाला नाचायला आवडतं, पण दार लावून." साहेब लालबुंद झाले आणि मुकाट्याने चारही टायर बदलून गेले.

अख्ख्या वस्तीत त्यांच्या पायरीला पाय न लावलेलं माणूस एकच होतं. सासूबाई.

सासूबाई जवळच्या टेकडीवर मधमाश्या पाळायच्या. सायकल असो, हातगाडी असो, त्यांचं प्रत्येक चाक समोरच्याकडे जायचं. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा टायरवाला. त्याच्याकडे काचेचं दार होतं आणि आकडे दाखवणारं एक यंत्र होतं. सासूबाई यायच्या, जावयाकडे बघून हात हलवायच्या आणि पलीकडच्या काचेत शिरायच्या. हवाकाकांच्या छातीतली हवा तेवढ्यापुरती पार निघून जायची. त्यावर कडी म्हणजे, घरी आल्या तरी चपला दाराशी ठेवायच्या नाहीत. काढून पिशवीत घालायच्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसायच्या.

"मी काय चपला चोरतो?" हवाकाका बायकोला विचारायचे.

"सवय आहे हो तिची," बायको म्हणायची आणि विषय बदलायची. ती दुकानातच एका कोपऱ्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची.

एके सकाळी हवाकाका बादलीशी वाकलेले असताना अगदी कानाशी आवाज आला, "जावईबापू."

ते दचकले ते थेट बादलीत एक पाय घालूनच. मागे सासूबाई होत्या. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पायात भलेमोठे बूट, डोक्यावर माश्यांपासून वाचायची जाळीची टोपी, काखेत तीच पिशवी, आणि खाली विजेवर चालणारी कोरी डर्ट बाइक. गाडी दुकानात शिरली कधी, थांबली कधी, कुणाला कळलंच नव्हतं.

"पेट्रोलच्या गाडीने माश्या चवताळतात," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून ही घेतली. पण समोरच्याने हिला रस्त्याचे गुळगुळीत टायर घातलेत. त्याच्या यंत्राने सांगितलं म्हणे. यंत्र कधी टेकडीवर गेलं होतं?"

हवाकाकांना यंत्राचा मुका घ्यावासा वाटला.

"हे बघा," सासूबाई म्हणाल्या, "गाडी वरच्या मधपेट्यांपर्यंत गेली, तर यापुढे माझं प्रत्येक चाक तुमचं. नाही गेली, तर समोरचा काय वाईट आहे?"

कोपऱ्यातलं शिवणयंत्र थांबलं. हवाकाकांनी बादलीतून पाय काढला आणि म्हणाले, "आई, बूट काढा."

सासूबाईंनी इतक्या तत्परतेने बूट पुढे केले की दुसऱ्या कुणालाही संशय आला असता. "घ्या. आणि भीड बाळगू नका. जे दिसेल ते स्पष्ट सांगा."

हवाकाकांनी बूट उलटा केला आणि त्यांचा चेहरा पडला. "डावी टाच फरफटलेली आहे. रागावू नका, पण हे कामचुकार माणसाचं लक्षण."

"बरोब्बर!" सासूबाई म्हणाल्या.

"अंगठ्याखाली खड्डा पडलाय. म्हणजे हट्टी. कुणाचं ऐकायचं नाही."

"अगदी, अगदी खरं. पुढे?"

"चढ दिसला की मागे रेलायचं. वर जायची इच्छाच नाही. त्यात स्वतःबद्दल मत मात्र फार चांगलं."

"अगं, ऐकतेस ना?" सासूबाई लेकीला म्हणाल्या. लेकीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने सीटच्या कव्हरात तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. हवाकाकांना मात्र भरून आलं. स्वतःचे इतके दोष इतक्या आनंदाने ऐकणारी बाई त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

मग टायरची निवड सुरू झाली. विजेची मोटर मूठ पिरगाळताच सगळं बळ एकदम चाकात ओतते. तेव्हा मऊ रबराचे लांब दात असलेला टायर लवकर फाटतो, शिवाय बॅटरी खातो. भुसभुशीत मातीत तोच लागतो हे खरं, पण जो माणूस मुळात चढणारच नाही त्याला तो कशाला? टणक जमिनीचा, आखूड दातांचा टायर पुरे. हवाकाकांनी दोन टायर काढले आणि जमिनीवरून घरंगळवत त्यांचा आवाज ऐकला, कारण गाडी मुकी असली तरी टायर गुरगुरला तर माश्यांना काय, राग तो रागच. जो कमी गुरगुरला तो ठरला.

बसवताना त्यांनी जीव ओतला. रिमच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, लोखंडी पट्ट्यांनी टायर चढवला, टायरच्या बाजूवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने आहे ना ते तीनतीनदा पाहिलं. फक्त गाडी बंद आहे की नाही ते पाहिलं नाही. आवाज नाही म्हणजे बंद, अशी आयुष्यभराची समजूत! मूठ जराशी फिरली आणि मागच्या चाकाने साबणाचं सगळं पाणी हवाकाकांच्या तोंडावर उडवलं.

"चाललं!" फेसातून आवाज आला.

दुपारी सगळे टेकडीच्या पायथ्याशी जमले. वरून ओढा वाहून गेलेला असल्याने माती पिठासारखी होती. सासूबाईंनी बूट चढवले, टोपी सारखी केली आणि मूठ पिरगाळली. गाडी थोडी वर गेली आणि मग जागच्या जागी मागचं चाक निमूटपणे खड्डा खणू लागलं. पेट्रोलची गाडी अशा वेळी निदान आरडाओरडा तरी करते. ही एखाद्या सज्जन माणसासारखी शांतपणे जमिनीत चालली होती. सासूबाई ताठ बसून होत्या आणि हळूहळू बुटक्या होत होत्या.

"ढकलतो, आई!" म्हणत हवाकाका मागे धावले. चाकाने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत मातीने सारवून काढलं.

"समोरचा," सासूबाई खड्ड्यातून म्हणाल्या, "निदान स्वच्छ तरी असतो."

हवाकाका मान खाली घालून मागे सरकले. आणि खाली घातलेल्या मानेला दोन माणसांच्या पावलांचे ठसे दिसले. गाडीवर बसण्याआधी सासूबाई चालल्या होत्या तिथले, आणि त्यांचे स्वतःचे. दोन्हीत डावी टाच फरफटलेली. दोन्हीत अंगठ्याखाली, तळातल्या खड्ड्यामुळे उठलेला, उंचवटा. बुटाचा नुसता आकार नाही, झीजसुद्धा जुळ्या भावांसारखी.

"अगं," ते बायकोला म्हणाले, "माझे जुने बूट कुठे आहेत?"

"आईला दिले," बायको म्हणाली. "माश्या चावतात म्हणून."

हवाकाका मटकन मातीत बसले. कामचुकार. हट्टी. वर जायची इच्छा नाही. स्वतःबद्दल मत फार चांगलं. एवढ्या लोकांचे तळ वाचले, पण स्वतःचा बूट उलटा करून बघायचं कधी सुचलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं, आई?"

"सगळं ऐकायला मजा आली," सासूबाई म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता.

"मग तुमच्या चपला द्या. तुमचे तळ बघितल्याशिवाय टायर कसा निवडू?"

सासूबाईंनी काखेतली पिशवी घट्ट धरली. आणि हवाकाकांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. ही बाई त्यांना अडाणी समजून समोरच्याकडे जात नव्हती. त्यांना जे दिसतं ते खरंच दिसतं, असं मानणारी वस्तीतली सगळ्यात पक्की भक्त तीच होती, आणि म्हणूनच पिशवी मांडीवरून हलत नव्हती.

"आई, दे ना," लेक म्हणाली. "नाहीतर अशीच राहशील खड्ड्यात."

पिशवी आली. हवाकाकांनी चप्पल उलटी केली. पुढचा भाग कागदासारखा झिजलेला, टाच दुकानातून आणल्यासारखी कोरी. त्यांच्या जिभेवर काहीतरी आलं, ओठांपर्यंत आलं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

"तुमचा सगळा भार पुढे," हवाकाका म्हणाले. "टाच टेकतच नाही. मागचं चाक हलकं राहतं. दोन्हीकडे लांब दातांचे मऊ टायर घालू आणि मागे हवा कमी ठेवू."

"आणि?"

"आणि काही नाही."

"काहीच नाही?"

"झिजलंय फार, आई. वाचता येत नाही."

सासूबाईंनी सोडलेल्या श्वासाने टोपीची जाळी हलली. "मग इतकी वर्षं ही पिशवी मी उगीच वागवली होय!"

लांब दातांचे टायर दुसऱ्या दिवशी बसले, तेही गाडी बंद आहे याची खात्री करून. सासूबाई टेकडीवर आवाज न करता निघून गेल्या. गाडी दिसेनाशी झाली तरी पायथ्याशी कुणाला कळेना, पोचल्या की पुन्हा जमिनीत चालल्या. शेवटी वरून हाक आली, "जावईबापू, माझ्या हातगाडीतली हवासुद्धा बघून ठेवा!"

समोरचा काचेच्या दारात उभा होता. हवाकाकांनी त्याला हात हलवून दाखवला, अगदी सासूबाई हलवायच्या तसा.

संध्याकाळी सासूबाई घरी आल्या, चपला खुशाल दाराशी काढल्या आणि पाय पसरून बसल्या. चहा आणताना बायकोने नवऱ्याला हळूच विचारलं, "खरं सांगा, काय दिसलं होतं?"

"गिऱ्हाइकाचं बाहेर सांगत नाही मी," हवाकाका म्हणाले. हा नियम त्यांनी त्या क्षणीच केला होता.

बायकोची नजर खाली गेली. त्यांच्या मांडीवर एक पिशवी होती, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली, आणि आत बूट होते.