दाजींचा फिल्टर

आमचे दाजी, म्हणजे छायाताईचे मिस्टर ललित, बॉनेट उघडण्याआधी डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत. एखाद्या बुवांनी नाडी बघावी तसे. "गाडी बोलते, ऐकणारा पाहिजे," असं वर म्हणायचे. मला त्यांचा भारी राग यायचा. मी मनमाडला रेल्वेत. आमच्याकडे बिघाड झाला की उघडून बघतात, डोळे मिटून कोणी बसत नाही.

तरुणपणी त्यांनी नाशकात मोटारींची शर्यत पाहिली आणि माणूस कामातून गेला. सत्त्याण्णव साली सिडकोत गॅरेज टाकलं, तेही साधं नाही. गाड्या 'पळत्या' करून देणारं. त्यांचा हुकमी एक्का म्हणजे उघडा एअर फिल्टर. कंपनीनं दिलेला हवेचा काळा डबा काढून फेकायचा आणि त्या जागी लालबुंद, चकचकीत, निमुळता फिल्टर बसवायचा. "इंजिनाला मोकळा श्वास मिळाला की ताकद आपोआप वाढते," हे त्यांचं पाठ झालेलं वाक्य. कॉलेजची मुलं खूश व्हायची, कारण पाय दाबला की गाडी गुरगुरायची. गाडी खरोखर जास्त पळते का, हे कोणी तपासलं नव्हतं. दाजींनी तर मुळीच नाही. आवाज मोठा झाला म्हणजे वेग वाढला, असा त्यांचा सरळ हिशेब.

पुढे एका संक्रांतीला त्यांनी तसलाच फिल्टर आमच्या आबांच्या जीपला बसवला. जावयाची भेट म्हणून. आबा, म्हणजे माझे वडील पुंजाराम, नाशिक-पेठ रस्त्यावरच्या आमच्या गावात भाजीपाला करायचे. जीपमधून भाजी घेऊन पेठच्या बाजाराला जायचे आणि येताना भाता-नागलीची पोती भरून सावळघाट चढून यायचे. आईच्या हातच्या भाजीला उभ्या जन्मात बरं न म्हणणारा हा माणूस, पण या फिल्टरचं कौतुक त्यांनी गावभर केलं. "जावयानं गाडीला पंख लावले," असं पारावर सांगायचे. ते ऐकून दाजींची छाती आणखी फुगली. आबांच्या शब्दावर गावातल्या बाकीच्या जीपवाल्यांनीही फिल्टर बसवायचं ठरवलं. त्यात आमचा शेजारी यादव सगळ्यांत उतावीळ.

दोन हजार सातच्या मे महिन्यात अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण. मीही रजा काढून आलो. दाजी जेवण झाल्यावर यादवच्या जीपपासून कामाला हात घालणार होते आणि फिल्टरची खोकी त्यांच्या गाडीतच होती.

आबा सकाळी बाजाराला जाऊन उशिरा परतले. पाहुणे यायची वेळ झाली तरी घरात दिसेनात, म्हणून मी गोठ्यामागच्या शेडमध्ये गेलो. बघतो तर नवं धोतर गुडघ्यापर्यंत खोचून आबा बॉनेटमध्ये वाकलेले. पायाशी जीपचा मूळचा काळा डबा आणि हातात दाजींचा लाल फिल्टर.

"आबा, काय चाललंय?"

"हळू बोल. जावई यायच्या आत हा बसवतो."

"म्हणजे एरवी नसतो?"

"कुठला रे. घाटात नुसती वरडती, चढत नाय. धूर काळाकुट्ट. मागचा ट्रकवाला बी शिव्या घालून पुढं जातो." त्यांनी धोतराच्या सोग्यानं फिल्टर पुसला. "महिनाभर वापरला, मग डबा परत लावला. ते यायचे आसले का हा चढवायचा."

"मग सांगायचं ना त्यांना."

"जावयाला सांगू, का तुझी वस्तू वाईट हाय? लेक दिलीय आपण तिथं."

मी काही बोलणार तोच दाराकडे लक्ष गेलं. दाजी उभे होते. दिलेल्या वेळेआधीच आले होते आणि आबांना नमस्कार करायला थेट मागे आले होते. आबांची त्यांच्याकडे पाठ होती. दाजींनी खालच्या डब्याकडे पाहिलं. त्याचं तोंड घासून पुसून लख्ख ठेवलेलं होतं. तो डबा बाहेरची गार हवा ओढतो आणि उघडा फिल्टर इंजिनाशेजारची तापलेली, हे या माणसाला कळायला हवं होतं. कळलंही असेल त्या क्षणी. त्यांचा चेहरा इतका पडला, की इतक्या वर्षांचा माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते आवाज न करता मागच्या मागे फिरले.

ओसरीवर पाट मांडले. छायाताई आणि दाजी शेजारी बसले. भाऊबंद जमले होते. आईनं, म्हणजे नवसाबाईनं, तांब्यातून पाणी सोडलं आणि आबा खाली बसून ताटात जावयाचे पाय धुऊ लागले. आबांच्या नखांत काळं ऑइल तसंच होतं. दाजींची नजर तिथून हलेना.

तेवढ्यात यादवनं विचारलंच, "जावईबापू, जेवण झालं का लगेच घ्यायची ना आमची गाडी?"

आबांनी मान वर न करता उत्तर दिलं, "घेतील की. बसवून घे बिनघोर. लय पळती."

दाजींनी पाय मागे ओढला. "नका बसवू, यादवभाऊ," ते म्हणाले. "त्यानं नुसता आवाज वाढतो. घाटात गाडी दमते."

"आवो, पण हे पुंजारामतात्या तर..."

"मामा माझा मान ठेवतात."

खरं बोलून मोकळं व्हायला गेलेल्या दाजींना आपण काय केलं ते आता कळलं. सगळ्या भाऊबंदांसमोर त्यांनी आबांना खोटं पाडलं होतं, आणि आबा त्यांच्याच पायाशी बसले होते. दाजी लाजेनं खाली बघत राहिले. ताईनं पदर तोंडाला लावला. आईच्या हातातला तांब्या तसाच तिरपा राहिला आणि पाणी पाटावरून वाहत गेलं.

आबांचे कान लाल झाले होते.

"तुमी हौसेनं दिलं व्हतं," ते म्हणाले. "आडगळीत टाकायला मन झालं नाय."

मग त्यांनी दाजींचा मागे गेलेला पाय स्वतःच पुढे ओढून ताटात घेतला आणि आईला पाणी सोडायला सांगितलं.