वास अडवणारी पिशवी

माझ्या आईच्या सोड्यांना वास येतो, हे मला हॉस्टेलवर राहायला जाईपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे वास होता, पण तो घराचाच एक भाग होता, भिंतीला रंग असतो तसा. कोळंबी सोलून उन्हात कडक वाळवली की तिला आम्ही सोडे म्हणतो. पावसात होड्या बंद असल्या की वांग्याबटाट्याच्या रश्श्यात मूठभर सोडे पडतात आणि जेवण होतं. आई ते वाळवते आणि काशीदला, पर्यटकांच्या गाड्या लागतात तिथे टोपली घेऊन विकते.

पहिल्या वर्षी तिने मला सोडे बांधून दिले होते. एका प्लॅस्टिकच्या पिशवीला गाठ, ती दुसऱ्या पिशवीत, तिला गाठ, आणि ती तिसऱ्या पिशवीत. दुसऱ्याच दिवशी खोलीतली मुलगी म्हणाली, "तुझ्या बॅगेत काही मेलंय का गं?" बाकीच्या हसल्या. मीही हसले, कारण मला वाटलं सगळ्यांबरोबर हसलं की संपेल. संध्याकाळी परत आले तर माझी बॅग खिडकीच्या गजाला बाहेर टांगलेली होती. टॉवेलसुद्धा. टॉवेल तर सोड्यांच्या जवळही गेला नव्हता.

ती मुलगी वाईट होती असं मी म्हणणार नाही. परीक्षेच्या वेळी तिने मला तिच्या नोट्स वाचायला दिल्या. पण देताना दोन बोटांच्या चिमटीत धरून दिल्या, आणि मी परत करायला गेले तेव्हा म्हणाली, "राहू दे, तूच ठेव."

आम्हाला अन्नप्रक्रियेच्या अभ्यासात पॅकेजिंग हा विषय होता. सरांनी वर्गात चिप्सचं रिकामं पाकीट फाडून दाखवलं आणि म्हणाले, "हे एक पाकीट दिसतं, पण हे तीन-चार कागद एकमेकांवर चिकटवल्यासारखं आहे. प्रत्येकाला वेगळं काम." बाहेर पॉलिएस्टर, कारण त्यावर छपाई चांगली बसते आणि ते ताणलं जात नाही. सगळ्यात आत पॉलिथिन, कारण गरम पट्टीखाली ते वितळतं आणि तोंड बंद होतं. आणि मधे असतो तो अडवणारा थर. कशाला अडवायचंय त्यावर तो ठरतो. पाण्याची वाफ, हवा, उजेड, वास. "वास पण?" मी विचारलं. वर्गात मी फारसं विचारत नसे. सर म्हणाले, "वास म्हणजे तरी काय, हवेत उडालेला मालच. साध्या पॉलिथिनमधून तो आरपार जातो."

तीन पिशव्या, तीन गाठी. मला आईची कीव आली आणि थोडी माझीही.

आईचं एकच म्हणणं होतं. तिला त्या पार्किंगमधून उठायचं होतं. तिथे सावली नाही. पार्किंगवाला रोज "ए मावशी, सरक पलीकडं, गाडीवाले नाक धरतात" म्हणून टोपलीला पाय लावतो. तिचा गुडघा दुखतो, आणि प्रत्येक वेळी उठून सरकायचं म्हणजे आधी हात टेकायचे, मग एक पाय, मग दुसरा. तेवढ्या वेळात तो तिच्या डोक्यावर उभा राहतो.

आणि नागावला माझ्या शाळेतल्या बाई होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या वाडीत, नारळीपोफळीत, पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या होत्या. ओसरीवर एक टेबल होतं. त्यावर कोकमाचं आगळ, आमसुलं, पोह्याचे पापड, मिरगुंडं असं गावातल्या बायकांनी केलेलं सगळं मांडलेलं असे. पाहुणे जाताना घेऊन जात. आईने त्यांना मागे एकदा विचारलं होतं, माझे सोडे ठेवाल का. बाई म्हणाल्या होत्या, "वासाचं काहीतरी कर, मग ठेवू." आईने ते वाक्य जपून ठेवलं होतं. टेबलावर माल गेला की पार्किंग सुटणार होतं. माझा कॉलेजचा फॉर्म बाईंनीच भरून दिला होता. त्यांनी शब्द दिला म्हणजे दिला, असं आम्ही दोघी धरून चाललो होतो.

मी सरांकडून वेगवेगळ्या फिल्मच्या नमुन्याच्या पिशव्या मिळवल्या आणि सुट्टीत प्रयोगशाळेतलं हाताने दाबायचं सीलिंग मशीन मागून घरी नेलं. वास मोजायचं यंत्र आमच्याकडे कुठून असणार? आमच्याकडे बोका होता. आई त्याला साहेब म्हणायची. सोडे भरलेली पिशवी पडवीत ठेवायची आणि बोका काय करतो ते बघायचं, अशी पद्धत आईनेच काढली.

पारदर्शक पिशवी आईला फार आवडली. सोडे दिसत होते, गुलाबी आणि वाकडे. बोक्यालाही आवडली. त्याने ती फाडली. मग आतून चंदेरी मुलामा दिलेली पातळ पिशवी घेतली. पहिला दिवस बरा गेला. नंतर सोड्यांची कडक टोकं आतून टोचून बारीक भोकं पडली आणि बोका तिच्याशेजारी येऊन बसला. म्हणजे नुसतं वास अडवून भागणार नव्हतं, टोचणंही सोसायला हवं होतं. शेवटी बाहेर पॉलिएस्टर, मग नायलॉन, मग खरी अॅल्युमिनियमची फॉइल आणि आत जाड पॉलिथिन अशी पिशवी निवडली. तिच्यातूनही वास आला तेव्हा मी रडकुंडीला आले. मग कळलं की दोष फिल्मचा नाही. सोडे ओतताना त्यांची भुकटी पिशवीच्या तोंडाला बसते आणि तिथे सील धरत नाही. जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची नळी करून तिच्यातून सोडे आत सोडले, तोंड पुसलं, आणि पट्टी दाबली.

त्या पिशवीवरून बोका चालत गेला. थांबला नाही.

"सायबानं पास केलं," आई म्हणाली. मग पिशवी हातात उलटसुलट करत म्हणाली, "पन ही आंधळी पिशवी हाय गं. माल दिसत न्हाय. गिऱ्हाईक सोडा मोडून बघतो, नाकाला लावतो, मंग घेतो. ह्यात काय बघंल?"

"खिडकी ठेवली तर खिडकीतून वास जाणार."

"मंग राहू दे. बाईंच्या टेबलावर आंधळी चालंल."

सुट्टी संपून मी कॉलेजला परतल्यावर बाईंनी एका शनिवारी या म्हटलं, पाहुणे आहेत, त्यांनाही दाखवू. पण त्या आठवड्यात सारखं मळभ होतं आणि आईचे नवे सोडे वाळले नव्हते. अर्धवट वाळलेले भरले तर आत बुरशी येते. बाईंना बघायची होती ती पिशवीच, म्हणून मी हॉस्टेलवर कोऱ्या पिशव्यांत पोहे भरले, आकार आणि वजन कळावं म्हणून, प्रयोगशाळेत त्या सील केल्या, आणि वर 'सोडे' असं छापलेला कागद चिकटवला. कॉलेजातून मी परस्पर नागावला उतरले. आई काशीदकडून एसटीने आली. अबोलीचा गजरा, ठेवणीतली साडी. त्या पिशव्या आमच्या घरी गेल्याच नव्हत्या. स्टॉपवर मी आईला सांगितलं, आत पोहे आहेत. ती म्हणाली, "बरं केलंस. वजन तरी कळंल."

बाई ओसरीवर होत्या. पुण्याचं एक जोडपं झोपाळ्यावर बसलं होतं. "ये ये," बाई मला म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे वळून, "ही माझी विद्यार्थिनी बरं का. हिच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेलं हे पहिलंच माणूस. फॉर्मसुद्धा मीच भरला होता हिचा."

"अरे वा," पाहुणे म्हणाले. "कुठली?"

"काशीदकडची. मासेवाल्यांची." मग आईला म्हणाल्या, "तू तिथंच पायरीवर बस गं, तिथं वारा छान येतो."

आई वयाने त्यांच्या बरोबरीची असेल. ती पायरीवर बसली. मला खुर्ची दिली होती. वाऱ्याचं मला तेव्हा खरंच वाटलं.

मी पिशवी पुढे केली. पोह्यांचं सांगायचं होतं, पण बाईंनी ती हातात घेऊन आधीच कौतुक सुरू केलं होतं. "दिसायला अगदी मॉलमधली वाटते हो." मग त्यांनी ती नाकाशी नेली. डोळे मिटले. मी आईकडे बघितलं. आई बाईंकडे बघत होती.

"येतोय," बाई म्हणाल्या. "थोडा आहे, पण येतोय. तुम्ही बघा."

पाहुण्या बाईंनी पिशवी हातात न घेताच मान पुढे केली आणि लगेच मागे घेतली. "हो, हो. आहे. चांगलाच फिशी आहे."

"बाई, परत एकदा बघता का?" मी म्हटलं. "सीलपाशी कदाचित..."

"परत कशाला? नाक आहे मला." त्यांनी पिशवी टेबलाच्या अगदी कडेला ठेवली, आगळाच्या बाटल्यांपासून लांब. आवाज मऊच होता. शाळेत चुकलेलं गणित समजावताना असायचा तसा. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. काही वास नाही जात. हाताला असतात, घराला असतात. पिशवी काय करणार? तू शीक, नोकरीला लाग आणि ह्यातून बाहेर पड. आईचं काय, तिला सवय आहे. काय गं, खरं की नाही?"

"व्हय बाई," आई म्हणाली.

तिने ते हसून म्हटलं. ती तेव्हा हसली नसती तर मी कदाचित गप्प बसले असते. नक्की सांगता येत नाही. माझ्या तोंडून हळूच निघालं, "बाई, ह्यात पोहे आहेत."

"काय?"

"ऊन नव्हतं. सोडे वाळले नव्हते. म्हणून पोहे भरलेत. पिशव्या कोऱ्या आहेत."

बाईंनी आतून कात्री आणली आणि ताटलीवर पिशवी कापली. पोहे पडले. पुण्याचे गृहस्थ हसले, "अहो, खरंच पोहे आहेत की." त्यांच्या बायकोने मोबाइल काढून त्यात बघायला सुरुवात केली. बाईंनी चार पोहे बोटांत घेतले, वास घेतला, आणि परत ताटलीत टाकले. मला वाटलं, आता त्या हसतील. शाळेत त्या हसत असत.

"म्हणजे माझी परीक्षा घ्यायला आलीस," त्या म्हणाल्या.

"नाही बाई, मी सांगणारच..."

"वर सोडे लिहायचं आणि आत पोहे. हे शिकवतात का कॉलेजात? मी तुझा फॉर्म भरला तो यासाठी?" मग पायरीकडे बघून, "शिकवलंस गं मुलीला. वळण नाही लावलंस."

आई हात टेकून उठली. आधी हात, मग एक पाय, मग दुसरा. "चुकलं तिचं, बाई. पोर हाय."

"ते पोहे घेऊन जा. आमच्याकडे आहेत पोहे."

आईने ताटलीतले पोहे पदरात घेतले. दोन-चार खाली सांडले होते, तेही वेचले. ती वेचत असताना झोपाळा कुरकुरत होता.

एसटीच्या स्टॉपवर तिने पदरातले पोहे सावरले. मग म्हणाली, "गप बसता आलं असतं तुला."

"त्यांना पोह्यांचा वास आला, आये. कोऱ्या पिशवीचा."

"मला काय नाक न्हाय? मला कळलं न्हाय काय ते?" ती रस्त्याकडे बघत होती. "मी म्हनले असते, व्हय बाई, येतोय, पुढच्या खेपेला नीट करून आनतो. मंग खरे सोडे आनले असते. तिनं वास घेतला असता, म्हनली असती, आता कसं, माझ्या सांगन्यानं सुधारलं. आनि ठेवले असते. समदी गिऱ्हाइकं अशीच असतात. आता चार मान्सांत तिला तू खोटं पाडलंस. आता ती माझा माल टेबलावर काय, फाटकात घेनार न्हाय."

"ती तुला काय बोलली ते ऐकलंस ना?"

"रोज ऐकते. आज सावलीत बसून ऐकलं, येवढंच." मग पदरातले पोहे माझ्या हातात देत म्हणाली, "तुझं शिक्षण तुला लखलाभ. मला ऊन."

आई अजून पार्किंगमध्येच बसते. उरलेल्या फॉइलच्या पिशव्या मी तिला दिल्या होत्या. गिऱ्हाईक टोपलीतला सोडा उचलतं, मोडतं, नाकाला लावतं. आंधळी पिशवी कोणी उघडत नाही आणि कोणी घेत नाही. एकीत ती चहाची पावडर ठेवते.

पुढच्या सुट्टीनंतर मी परत निघाले तेव्हा तिने सोडे बांधून दिले नाहीत. मी मागितलेही नाहीत. माझी बॅग पडवीत भरून ठेवली होती. बाहेर येऊन बघते तर तिने ती उघडली होती आणि एकेक कपडा काढून नाकाला लावून बघत होती. कुडता, ओढणी, टॉवेल. बघून झालं की मांडीवर ठेवायची, मग दुसरा. तिला वास कळत नसावा, कारण चेहरा तसाच होता. बोका बॅगेला चिकटून बसला होता. तिने त्याच्याकडे बघितलं. हाताने ढकललं. तो उठला आणि परत तिथेच येऊन बसला.

"ती पिशवी मोठी मिळती काय गं?" तिने विचारलं. "तुझे कपडे मावतील अशी?"

मिळते, मी म्हटलं. मोठ्या मापाच्या येतात.

"मंग आन एक."

मी अजून आणलेली नाही.