डाव्या अंगाची जागा

सारिका मोपेड शिकली तेव्हा तिची चाळिशी जवळ आली होती. वरवे बुद्रुकला त्यांच्या आळीत तोवर बाई गाडीवर बसायची ती नवऱ्याच्या मागं. पण भोरच्या एका लॅबमध्ये तिला काम लागलं. वाटेवरच्या गावांतल्या दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या पेटीत घालायच्या आणि दुपारच्या आत भोरला पोचवायच्या. पेटी मांडीवर घेऊन एसटीची वाट बघत बसलं तर रक्त खराब होतं. म्हणून सम्राटनं, तिच्या नवऱ्यानं, एक जुनी मोपेड आणून दारात उभी केली आणि शिकवायचं काम थोरल्या भावावर सोपवलं.

सोपानभाऊजी भोर डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. माणूस मितभाषी. शाळेच्या मैदानात त्यांनी तिला तोल सांभाळायला शिकवलं, ब्रेक शिकवला, वळण्याआधी मागं बघायची सवय लावली. मग एका दुपारी तिला डेपोत नेलं, उभ्या बसच्या स्टेअरिंगमागं बसवलं आणि स्वतः खाली उतरून तिची मोपेड ढकलत घेऊन गेले. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "गाडी कुठंय सांग."

सारिकानं समोर पाहिलं. डावीकडच्या आरशात पाहिलं, उजवीकडच्या आरशात पाहिलं. डेपोची भिंत दिसली, लिंबाचं झाड दिसलं, पाण्याची टाकी दिसली. गाडी कुठंच नव्हती. तिला वाटलं, भाऊजींनी ती फाटकाबाहेर नेली असणार.

ती खाली उतरली. मोपेड बसच्या तोंडाशी, डाव्या अंगाला उभी होती, हात लांब केला तर बसच्या पत्र्याला लागेल इतकी जवळ. भाऊजी हँडल धरून तिथंच उभे होते, आणि तेही तिला दिसले नव्हते.

"ही जागा ध्यानात ठेव," ते म्हणाले. "आरशात डायवरचं तोंड दिसत न्हाई, तवर त्याला तू बी दिसत न्हाईस. हितं आलीस का तू न्हाईसच."

त्यांनी ते ब्रेक कसा दाबायचा हे सांगावं तितक्याच साधेपणानं सांगितलं.  सारिकाला मात्र त्या दिवसापासून रस्ता वेगळा दिसू लागला. हायवेवर कापूरहोळपर्यंत ती डंपरच्या मागं लांबून चालायची आणि त्याच्या आरशात तोंड शोधायची. कधी एखादा कोपर दिसायचा, कधी विडीचा धूर, कधी नुसतंच आभाळ. आभाळ दिसलं की ती आणखी मागं राहायची. भोरच्या बाजारात शिरली की उभ्या मोटारींची दारं, स्टँडातून तोंड काढणारी एसटी, हातगाडीआडून अचानक येणारं माणूस, सगळ्यांशी अंतर राखून चालायची. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली घट्ट. मागचे हॉर्न वाजवायचे, कुणी शिव्या घालून पुढं जायचं. ती जाऊ द्यायची.

पुढच्या वर्षी लॅबनं आणखी एक मुलगी घेतली. प्रेरणा भोरचीच, नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली. मनानं मोकळी, सारिकाला ताई म्हणायची, डबा उघडला की पहिला घास तिच्यापुढं धरायची. पण गाडीवर बसली की वेगळीच पोर व्हायची. हेल्मेट हँडलला लटकलेलं, कानात गाणी, आणि दोन गाड्यांमध्ये वीतभर फट दिसली की ती तिचीच. तिची पेटी लॅबमध्ये आधी पोचायची. लॅबचे साहेब सारिकाला विचारायचे, त्या मुलीला जमतं मग तुम्हाला का नाही?

सारिकानं प्रेरणाला डेपोतली गोष्ट सांगितली. प्रेरणानं नीट ऐकून घेतली, मग हसली.

"ताई, मी त्यांना दिसत नसले तरी ते मला दिसतात ना."

काही दिवसांनी तिच्या मोपेडच्या पत्र्यावर लांब ओरखडा दिसला. मग एक आरसा तुटला. मग एकदा ड्रेसची बाही खांद्यापासून फाटलेली, टेम्पोच्या कडीत अडकली म्हणे. प्रत्येक वेळी ती हसत हसत सांगायची आणि प्रत्येक वेळी ते तिच्या अंगाच्या थोडं आणखी जवळ आलेलं असायचं. सारिकाला हे उमगलं, तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना. लॅबच्या पायऱ्या चढताना आत प्रेरणाचा आवाज येतो का, हे ती आधी ऐकायची. शेवटी साहेबांशी बोलली. ते म्हणाले, सांगतो तिला. संध्याकाळी दोघींच्या मोबाईलवर मेसेज आला, की सर्वांनी वेळ पाळावी.

ते घडलं बाजाराच्या दिवशी. स्टँडाजवळच्या वळणावर गाड्या तुंबल्या होत्या. खडीचा डंपर डावीकडं वळायच्या बेतात थांबला होता, आणि त्याच्या व रस्त्याकडेच्या भाजीवाल्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी मोकळी राहिली होती. सारिका चार गाड्या मागं होती. प्रेरणाची पिवळी ओढणी त्या पट्टीत शिरताना तिनं पाहिली.

तिनं डंपरच्या आरशात पाहिलं. तोंड नव्हतं. ड्रायव्हर उजवीकडं, स्टँडातून निघणाऱ्या एसटीकडं बघत असणार.

तिनं हाक मारली, हॉर्न दाबून धरला. त्या गोंधळात मोपेडचा हॉर्न कोण ऐकतो? डंपरचं इंजिन घरघरलं, ओढणी पार पुढं, त्याच्या तोंडाशी पोचली होती. तेव्हा इतक्या दिवसांत कधी केलं नाही ते सारिकानं केलं. गाडी उजवीकडं घातली, रस्त्याच्या उलट्या अंगानं, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर, आणि ड्रायव्हरच्या दाराशी येऊन मुठीनं पत्रा बडवायला लागली. त्यानं दचकून खाली पाहिलं.

"थांबा! डाव्या अंगाला पोरगी हाय!"

वळायला सुटलेला डंपर जोरात ब्रेक लागून थरथरला. त्याच क्षणी समोरून आलेल्या जीपचा धक्का सारिकाच्या हँडलला बसला आणि ती खांद्यावर आपटली. पडल्या पडल्या तिला डंपरच्या पोटाखालून पलीकडचं दिसलं. पुढचं चाक आडव्या मोपेडवर चढून थांबलं होतं आणि त्याच्याखाली प्रेरणाचा उजवा पाय होता. पेटी फुटली होती. नळ्यांच्या काचा आणि रक्त डांबरावर पसरलं होतं. लोक ओरडत होते की पोरगी गेली, एवढं रक्त. त्यातलं तिचं किती आणि गावोगावच्या माणसांचं किती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

प्रेरणा वाचली. पुण्याच्या डॉक्टरांनी घोट्याच्या खालचा पाय मात्र काढला. सारिकाच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, हात गळ्यात बांधून ती घरी बसली. सासूनं, अक्काबाईनं, गाडीची किल्ली कणगीमागं टाकली आणि पुन्हा नाव काढू नको म्हणून बजावलं.

एका सकाळी दारात एक पन्नाशीचा माणूस येऊन उभा राहिला. डंपरचा ड्रायव्हर, मानसिंग. पोलिसांनी सोडला होता. पाणी दिलं तरी त्यानं घेतलं नाही.

"ताई, म्या आरशात बघितलं व्हतं," तो म्हणाला. "आईशप्पत बघितलं. तितं कुणीच नव्हतं."

सारिकाला ठाऊक होतं की तो खरं बोलतोय. खोटं बोलला असता तर तिला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं.

पावसाळा सरल्यावर तिनं किल्ली शोधून काढली. लॅबला सांगितलं, पेटी पोचेल तेव्हा पोचेल, चालत असेल तर येते. साहेब या वेळी या म्हणाले. प्रेरणाला त्यांनी नोंदणीच्या टेबलावर बसवलं होतं. ती आता हसायची, पण आवाज न करता, आणि बाहेर मोठी गाडी गेली की लिहिता लिहिता थांबायची.

कापूरहोळला एकदा सारिका रस्ता ओलांडायला थांबली असताना खडीचा डंपर शेजारून गेला. आरशात मानसिंगचं तोंड दिसलं. त्यानं तिला ओळखलं आणि हात वर केला. सारिकाचा हात हँडलवरून सुटेना. तो पुढं गेला, त्याच्या मागून दुसरा डंपर आला, त्याच्या मागून तिसरा. तिनं पायानं मोपेड आणखी मागं ओढली आणि धुळीत तशीच उभी राहिली.