माघारी लिहिलेला निवाडा

सौदीतल्या जेद्दाच्या अल अझीझिया वस्तीत आमच्या कोकणातल्या खारवेळच्या कुठल्याही माणसाला जजसाहेबांची खोली विचारा, तो दारापर्यंत आणून सोडेल. काळा कोट त्यांनी जन्मात घातला नाही. एका गोदामात ते सुपरवायझर. नाव जमालुद्दीन. पण दर शुक्रवारी नमाजनंतर गावची जमात त्यांच्या खोलीवर जमायची आणि इथले-गावचे तंटे तिथे मिटायचे. अर्धं गाव इथेच नोकरीला असल्यामुळे इथे ठरलं की गावात ठरलं.

निकाल वहीत लिहायचं काम माझं. मी उमाकांत, खारवेळचाच, इथे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. बाकी सगळ्यांचं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून जमातीतला नसूनही वही माझ्या गळ्यात पडली. लिहिलेल्या पानाचा फोटो गावी जायचा आणि तिथे मोठ्याने वाचला जायचा.

जजसाहेब गावी असताना तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते, मग पाच वर्षं जिल्हा परिषदेचे सभासद. तिथला त्यांचा एक किस्सा आम्ही निदान शंभरदा ऐकला असेल. एका गावात सरपंच बाई, आणि खुर्चीत तिचा नवरा. जजसाहेबांनी भर सभेत त्याला उठवलं. म्हणाले, ‘‘बाईच्या खुर्चीत बाईच बसेल. तिचं तोंड काय तुझ्याकडे गहाण आहे?’’ या एका वाक्यावर आमदारकीचं तिकीट मिळेल असं त्यांना वाटत होतं. मिळालं दुसऱ्यालाच. त्या रागात पंचेचाळिसाव्या वर्षी विमानात बसले. रागावायला ते नेहमीच तयार असत आणि खरं सांगायचं तर मला ते त्यामुळेच आवडायचे.

त्यांची एक रीत होती. भांडणारे दोघे आधी एकाच थाळात जेवायचे. एका भातात हात घातला की अर्धा आवाज आपोआप खाली येतो. जेवण होईपर्यंत तक्रारीचा शब्द काढायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी कादिर आला. इथे ड्रायव्हर. बायको कुबरा, हिच्याशी त्याचा तलाक झालेला, ती गावी आईकडे. मुलगी झोया सहा वर्षांची, आईजवळ. कादिरला मुलगी इथे हवी होती, इंग्रजी शाळेत घालायला. निकाहात मुलीच्या वतीने वकील बोलतो, तसाच गावातल्या बाईच्या वतीने तिचा इथला नातलग बोलेल, असा पायंडा जमातीत पडला होता. कुबराच्या बाजूने तिचा भाऊ अदनान बसला. दोघे एका थाळात नीट जेवले. मग अदनान मान खाली घालून म्हणाला, ‘‘तिची ना नाय.’’

अदनानला नोकरी कादिरने लावून दिली होती, दोघांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, एकच. हे जजसाहेबांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. कोणीतरी म्हणालं, कुबराला फोन लावू या का? जजसाहेब म्हणाले, ‘‘भाऊ समोर बसलाय, आणखी काय पायजे? यल्ला, चल, लिही रे उमा.’’ सरपंचाच्या नवऱ्याला खुर्चीतून उठवणारा हाच माणूस! मी लिहिलं: ‘मुलीच्या आईची संमती आहे. मुलगी बापाकडे राहील.’ खाली त्यांची सही, त्याखाली माझी. अक्षर सुरेख आलं होतं, हे आठवलं की अजून लाज वाटते.

झोया इथे आली. जजसाहेबांच्या खोलीपासून तीन गल्ल्या सोडून राहायची, दुसऱ्या आईच्या हाताखाली वाढली. वाईट वाढली असं नाही. फक्त गावी ती परत कधी गेली नाही. ‘शाळा आहे’ म्हणून कादिर कुबराचा फोनही टाळायचा.

गेल्या हिवाळ्यात कुबरा गावातल्या बायकांबरोबर उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, आली. मक्केहून बस जेद्दाला, आमच्याच वस्तीत, एक दिवस थांबणार होती. जजसाहेबांनी कादिरच्या मागे लागून एक तास मागून घेतला आणि स्वतः भात रांधला. एक थाळ, त्याच्याभोवती कुबरा, झोया, ते आणि मी.

सतरा वर्षांची झोया ‘‘सलाम, आंटी’’ म्हणून चमचा शोधायला लागली. कुबरा आमच्या कोकणीत काय-काय विचारत होती. झोयाला त्यातलं निम्मंही कळेना, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. मग जजसाहेब मध्ये पडले. हिचं तिला सांगायचे, तिचं हिला. ‘‘विचारतेय, ताप आला की अजून बडबडतेस का.’’ झोया संकोचून हसली, म्हणाली, ‘‘आय डोन्ट नो, अंकल.’’ त्यांनी कुबराला सांगितलं, ‘‘तिला माहीत नाय म्हणते.’’

कुबरा त्यांच्याकडे बघत म्हणाली, ‘‘आज पन माझ्यावतीनं दुसराच बोलतोय, चाचा.’’

खाली हॉर्न वाजला. ‘‘पापा नीचे हैं,’’ म्हणून झोया उठली, तिने ‘आंटी’ला मिठी मारली आणि गेली. कुबराने थाळातला झोयाच्या बाजूचा भात हाताने सारखा केला.

जजसाहेबांनी तिला विचारलं, ‘‘त्या शुक्रवारी तुला विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंस?’’

‘‘काय सांगनार होते त्याचा आता काय उपेग?’’ ती म्हणाली. ‘‘पन फोन माझ्या हातात होता. अदनान बोलला होता, जमातीचा फोन येईल. सकाळपासनं मगरीबपर्यंत, पार दिवस बुडेस्तवर पडवीत बसले होते. रेंज तिथंच यायची. झोया मांडीवर झोपली, तरी उठले नाय.’’

मग ती खाली बसकडे गेली; बाकीच्या बायका अजून बाजारातून यायच्या होत्या. तिला सोडायला आम्ही खाली गेलो नाही.

जजसाहेब म्हणाले, ‘‘उमा, वही काढ.’’ अकरा वर्षांपूर्वीचं पान त्यांनी स्वतः उघडलं. ‘‘खाली लिही. मुलीच्या आईला विचारलं नव्हतं. निवाडा चुकला.’’ मी लिहिलं. त्यांनी सही केली, पुढच्या शुक्रवारपासून जमात दुसऱ्या कोणाकडे भरवा म्हणाले आणि वही माझ्याकडे सरकवली.

मीही सही केली. शाई वाळेपर्यंत दोघे त्या पानाकडे बघत बसलो होतो, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की तिची बस अजून खालीच उभी असेल, आणि हेसुद्धा आम्ही तिला न विचारता, तिच्या माघारीच लिहिलं.